टायर, दोर आणि पहिले दहा मीटर : ८४ दिवसांच्या नोंदी

दिवस १

वय ३४, वजन ७२ किलो. सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळतो, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने. एकदा वेग पकडला की मागचा बचावपटू मला सहसा गाठत नाही. माझी बोंब आहे ती त्याच्या आधी. चेंडू पुढे टाकला की पहिल्या पाच-सहा पावलांतच बचावपटू माझ्या पुढे निघून गेलेला असतो. म्हणून बारा आठवडे ठरवून दोन गोष्टी करायच्या : व्यायामशाळेत पायांची ताकद, आणि मैदानावर वजन ओढत धावणं. मोजायचं फक्त १० मीटर आणि ३० मीटर. एक हात जमिनीला टेकवून सुरुवात, प्रत्येक वेळी तोच पाय पुढे.

आज धाकट्या बहिणीच्या हातात स्टॉपवॉच दिलं. ३० मीटरच्या तीन धावा : ४.३१, ४.५८, ४.४०. तोच माणूस, तेच बूट, मध्ये पाच-पाच मिनिटांची विश्रांती, आणि फरक पाव सेकंदाहून जास्त. हा माझा वेग नाही, तिचा अंगठा आहे. बारा आठवड्यांनी ०.१ सेकंदाची सुधारणा झाली तरी या घड्याळात ती दिसणारच नाही. तिन्ही आकडे खोडले.

दिवस ३

फोनच्या स्लो मोशनने मोजायचं ठरलं. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे ०.००४ सेकंदाची. हात जमिनीवरून सुटला ती पहिली फ्रेम, कंबर खांबाच्या आड गेली ती शेवटची. फ्रेम मोजायच्या, २४० ने भागायचं. फोन ट्रायपॉडवर, १५ मीटरच्या खुणेसमोर, धावण्याच्या रेषेपासून १२ मीटर आत. सगळे ३० मीटर एका चौकटीत मावत नाहीत, म्हणून बहीण तो जागच्या जागी फिरवते.

१० मीटर १.९७. ३० मीटर ४.७९.

१.९७ बघून मी मैदानावरच नाचलो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मग पुढच्या वीस मीटरमध्ये तू झोपला होतास का?"

दिवस ४

ती बरोबर होती. १० ते ३० या टप्प्याला २.८२ सेकंद लागतात म्हणजे सरासरी वेग सेकंदाला जेमतेम ७.१ मीटर. जो माणूस १.९७ मध्ये दहा मीटर काढतो त्याचा वेग तिथेच जवळजवळ तेवढा झालेला असतो, आणि पुढे तो वाढत जातो.

घोळ खांबांचा निघाला. धावताना आदळू नये म्हणून मी खांब रेषेपासून १ मीटर आत, फोनच्या बाजूला रोवले होते. फोन तिरका बघतो. त्यामुळे मी १० मीटरच्या खांबाआड गेलो असं फोनला दिसलं तेव्हा मी खरा ९.५५ मीटरवर होतो, आणि ३० च्या खांबाआड दिसलो तेव्हा ३१.३६ वर. पहिला आकडा फुकटचा चांगला, दुसरा फुकटचा वाईट.

कागदावर रेघ मारून खांबांच्या नव्या जागा काढल्या. वरचीच मांडणी असेल तर १० चा खांब १०.४२ मीटरवर आणि ३० चा २८.७५ वर रोवायचा. सोपा पडताळा असा : बहिणीला खऱ्या १० मीटरच्या खुणेवर रेषेवर उभं करा आणि फोनमधून बघा. खांब तिच्या बरोबर पोटासमोर दिसला पाहिजे.

दिवस ५

तीन धावा, मध्ये चार-चार मिनिटं. १० मीटर : २.०४, २.०६, २.०७. ३० मीटर : ४.६२, ४.६४, ४.६६.

आता हे माझे खरे आकडे. सर्वोत्तम २.०४ आणि ४.६२ धरतो. धावेधावेत ०.०३-०.०४ चा फरक असाच पडतो, त्यामुळे त्याहून कमी सुधारणेला सुधारणा म्हणायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. (उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ चा विक्रम केला तेव्हा त्याचे पहिले दहा मीटर १.८९ चे होते. त्यात बंदुकीच्या आवाजानंतरचे ०.१४६ सेकंद धरलेले आहेत. मी हात सुटल्यापासून मोजतो, त्यामुळे माझ्या २.०४ शेजारी त्याचा आकडा ठेवायचा तर तो १.७४ च्या आसपास ठेवावा लागतो. एवढं लिहून विषय सोडतो.)

दिवस ८

व्यायामशाळा. स्क्वॉट (खांद्यावर बारबेल, म्हणजे वजनं लावलेली दांडी, घेऊन उठाबशा) ९० किलो, ५ चे ३ सेट, म्हणजे सलग ५ वेळा, असं तीनदा. हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकून वजनासह कंबर वर उचलणं). आणि मांडीमागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक : गुडघ्यावर बसायचं, घोटे कुणीतरी दाबून धरायचे, आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. दिसायला पोरखेळ. ८ चे ३ सेट मारले.

दिवस ९ ते १२

जिना उतरता येत नव्हता. खुर्चीवर बसताना मांड्यांमागे दोन ताणलेल्या तारा असल्यासारखं वाटायचं. चार दिवस धावणं बंद.

चूक सरळ माझी. हा व्यायाम स्नायू लांब होत असताना त्याच्यावर ताण देतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला तोच सगळ्यात जास्त दुखवतो. सुरुवात ३ चे २ सेट, आठवड्यातून एकदा, एवढीच हवी होती. मैदानावर मांडीमागचा स्नायू फाटू नये म्हणून जो व्यायाम करायचा, त्यानेच मला पहिल्या आठवड्यात खाटेला खिळवलं. सोडणार मात्र नाही.

दिवस १५

जुना टायर मिळाला, ९ किलोचा. कंबरेला रुंद पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला टायर. "अंगाच्या वजनाच्या दहा टक्के ओढा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि ९ किलो म्हणजे त्याच्या जवळपास. दोर २ मीटरचा घेतला, कारण तेवढाच घरात होता.

पहिल्याच धावेला टायरने उडी मारून माझ्या टाचेला धडक दिली. दोर आखूड असला की तो कंबरेकडून खाली तिरका जातो. उभं राहिल्यावर माझ्या मापाने हा कोन २० अंशांच्या वर येतो. मग प्रत्येक पावलाला टायर थोडा उचलला जातो, आपटतो, पुन्हा उचलला जातो. ओढ सलग राहत नाही, हिसके बसतात.

दिवस १७

५ मीटरचा दोर. कोन ९ अंशांच्या आत. टायर आता जमिनीला चिकटून येतो. दुसरी दुरुस्ती : सुरुवातीच्या आधी दोर ताठ करून घ्यायचा. सैल दोराने पळालं की दुसऱ्या पावलाला कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखा झटका बसतो.

पट्टा खांद्याला न बांधता कंबरेलाच ठेवला. खांद्यावरून ओढलं की धड मागे खेचलं जातं आणि मी त्याच्याशी भांडण्यात पावलं विसरतो. हे माझ्यापुरतं. ज्यांना खांद्यावरून जमतं त्यांनी तसं करावं.

दिवस २५

अकरा दिवस नुसता टायर. मजा येते, दमायला होतं, पण व्हिडिओत माझी धाव टायरविना आणि टायरसह जवळजवळ सारखीच दिसते. पहिल्या तीन पावलांना तर तो मागे आहे हेही जाणवत नाही. आज १० मीटर २.०५. काहीही झालेलं नाही.

एका सहकाऱ्याने पाठीला बांधायचं छोटं पॅराशूट देऊ केलं. नको म्हटलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, आणि वेग नसताना जवळजवळ शून्य. मला पहिल्या पावलांना ओझं हवंय, तिथे ते पॅराशूट पाठीवर पिशवीसारखं लोंबणार. जोडीदाराने मागे धरलेल्या रबरी पट्ट्याचंही तेच : सुटताना सगळ्यात हलका, ताणला गेल्यावर सगळ्यात जड. मला हवं त्याच्या उलट.

दिवस २६

हलकं चालत नाही तर जड. टायरवर प्लेटा रचून एकूण ८० किलो केले.

ही धाव नव्हती. लग्नात कपाट सरकवतात तसं चाललं होतं. व्हिडिओ थांबवून पाहिला : कंबरेतून मोडलेलो, डोकं खाली, पाऊल शरीराच्या पुढे पडतंय, आणि टाच टेकतेय. मेहनत प्रचंड, पण पळण्याशी हिचं नातं नाही. पाठही धरली. पुढचे दोन दिवस बंद.

दिवस २९

या सगळ्या खटाटोपातली ही एक नोंद वाचलीत तरी चालेल.

आतापर्यंत मी विचारत होतो, किती किलो ओढू? पण किलोला एकट्याला अर्थ नाही. तेच ५० किलो एका जमिनीवर सहज सरकतात आणि दुसरीवर रुतून बसतात. विचारायला हवं होतं ते असं : हे ओझं माझ्या सर्वात जास्त वेगाचा किती हिस्सा खातं?

आधी मोकळी धाव. २५ ते ३० मीटर या शेवटच्या पाच मीटरला ०.६० सेकंद, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. मग ओझ्यासह, वेग वाढायचा थांबतो तिथले पाच मीटर, म्हणजे १५ ते २० चा टप्पा. कोरडं गवत, प्रत्येक ओढीनंतर पाच मिनिटं.

टायर धरून २९ किलो : ०.८३ सेकंद. वेग २८ टक्क्यांनी घटला.
४९ किलो : १.०८ सेकंद. घट ४४ टक्के.
५९ किलो : १.२४ सेकंद. घट ५२ टक्के.

मला हवं होतं ते सापडलं. वेग साधारण निम्मा होतो तिथे ताकद आणि वेग यांचा गुणाकार सर्वात मोठा निघतो, आणि सुटतानाची पहिली पावलंही अशीच असतात : सावकाश, पाय जमिनीवर जास्त वेळ, ढकलणं जास्त. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास टिकतं, सुटताना जवळजवळ दुप्पट. नुसत्या टायरने मी शेवटच्या वीस मीटरचा सराव करत होतो आणि पहिल्या दहाची वाट बघत होतो.

५९ किलो म्हणजे माझ्या वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त. दहा टक्के कुठे आणि हे कुठे. माझा ५९ उचलून तुमच्या टायरवर ठेवू नका मात्र. घड्याळ लावून तुमचा आकडा काढा.

दिवस ३०

नवी घडी. आठवड्यातून दोनदा मैदान : ५९ किलोने १५ मीटरच्या ६ ओढी, मध्ये तीन मिनिटं, आणि शेवटी २० मीटरच्या दोन मोकळ्या धावा. ओझं सोडल्यावरची पहिली मोकळी धाव म्हणजे पायातल्या बेड्या काढल्यासारखी. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट. नॉर्डिक एकदा, ४ चे २ सेट.

दिवस ३६

सकाळी लवकर गेलो. गवतावर दव. तेच ५९ किलो, पण पाच मीटर १.०५ मध्ये. एक क्षण वाटलं, जादू झाली! जादू दवाची होती, टायर घसरत होता. आणखी १० किलो टाकल्यावर १.२३ ला आलं. तेव्हापासून दर वेळी पहिली ओढ मोजण्यासाठीच : १.२० ते १.३० च्या बाहेर गेलं की प्लेट कमी-जास्त करायची. वहीत आता किलोच्या आधी सेकंद लिहितो.

दिवस ४३

चाचणी. १० मीटर २.०५. ३० मीटर ४.६१.

स्क्वॉट ९० वरून १०५ वर गेलाय. घाम, दव, प्लेटा वाहून नेणं, आणि पहिल्या दहा मीटरमध्ये शून्य. संतापून टायरला लाथ मारली. टायर ९ किलोचा आहे हे अंगठ्याला कळलं.

संध्याकाळी वही उघडून मागच्या दोन आठवड्यांचा माग काढला. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली : काल जड स्क्वॉट, आज चाचणी. फक्त आजच नाही, प्रत्येक मैदानाच्या आदल्या दिवशी मी स्क्वॉट करत होतो, कारण व्यायामशाळेची वेळ तशी सोयीची होती. म्हणजे धावण्याचा एकही दिवस ताज्या पायांचा नव्हता.

दुसरी : तीन मिनिटांची विश्रांती हळूहळू दीड मिनिटावर आली होती. घाई होती, आणि दम लागला की काम झाल्यासारखं वाटतं. व्हिडिओच्या वेळा जुळवल्या तेव्हा हे उघड झालं. सहाव्या ओढीत मी पहिलीपेक्षा पंधरा टक्के हळू होतो. ती ताकदीची तालीम राहिलीच नव्हती, दमण्याची झाली होती.

तिसरी : बारबेलवर वाढलेले १५ किलो आपोआप पायात उतरतील असं मी गृहीत धरलं होतं. तसं होत नाही. ते उतरवण्याचं काम मैदानावर होतं, आणि मैदानावर मी रोज थकून जात होतो.

दिवस ४६

दोन दिवस पूर्ण आराम, मग पुन्हा चाचणी. २.०१ आणि ४.५७.

फरक होता, थकव्याखाली दबलेला. घडी उलटी केली : मैदान आणि स्क्वॉट एकाच दिवशी, आधी मैदान, मग काही तासांनी स्क्वॉट. पुढचे दोन दिवस पायांना हात लावायचा नाही. स्क्वॉटचे सेटही ३ चे ३, आणि खाली-वर करताना रेंगाळणं बंद. विश्रांतीसाठी फोनवर चार मिनिटांचा गजर. पाचव्या ओढीला १.३० च्या पलीकडे गेलो तर सहावी करायची नाही.

दिवस ५२

उजव्या टाचेच्या वरची नस (म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) सकाळी उठल्यावर ताठ. जड ओढीत घोटा खूप वाकतो आणि सगळा जोर चवड्यातून जातो. पोटरीवर आणि त्या नसेवर एवढा भार मी आधी कधी टाकलाच नव्हता. मांड्यांसाठी सगळं केलं, पोटरीला विसरलो.

सहा दिवस ओढ बंद. त्या काळात पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश वर-खाली, आधी दोन्ही पायांनी, मग एका पायाने पाठीवर थोडं वजन घेऊन. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. सकाळचा ताठपणा गेला तेव्हाच टायर पुन्हा जोडला, आणि सहाच्या जागी चार ओढी.

दिवस ६०

आज वजन नाही, फक्त व्हिडिओ. पहिली दोन पावलं आता छान दिसतात : पाऊल कंबरेच्या मागे पडतं, नडगी पुढे झुकलेली, मागचा पाय पूर्ण सरळ होतो. तिसऱ्यालाच काहीतरी बिघडतं. पाऊल अंगाच्या पुढे पडतं, म्हणजे स्वतःलाच ब्रेक. मी दहा वेळा पाहून पाय, गुडघे, घोटे शोधत बसलो.

"दादा, पाय नको बघू. तिसऱ्याच पावलाला तू मान वर करतोस," बहीण म्हणाली. "खांब कुठे आलाय ते बघतोस."

खरंच. मान वर, मागोमाग छाती वर, मागोमाग पाऊल पुढे. तिने ४ मीटरवर रेषेत एक पांढरी पट्टी ठेवली. ती मागे पडेपर्यंत नजर तिच्यावर. सातव्या धावेला जमलं. बाराव्यापर्यंत पाय संपले होते, पण तोवर सवय लागायला सुरुवात झाली होती.

दिवस ७०

शेवटची जड ओढ, ५९ किलो. पाच मीटर १.१६. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी याच ओझ्याला, अशाच कोरड्या गवतावर १.२४ लागत होते. स्क्वॉट ११० किलो, ३ चे ३.

दिवस ७१ ते ८२

जड ओझं बंद. आठवड्यातून दोनदा नुसत्या टायरच्या तीन ओढी आणि २० मीटरच्या चार मोकळ्या धावा. (म्हणजे टायर अडगळीत गेला नाही, फक्त त्याची वेळ चुकली होती.) स्क्वॉट एकदाच, ३ चे २. पहिले चार दिवस काहीच करत नसल्यासारखं वाटून चिडचिड. नवव्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतोय हे वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

दिवस ८४

चाचणी. गवत कोरडं, वारा नाही. खांब १०.४२ आणि २८.७५ वर, टेपने दोनदा मोजले. बहिणीला खुणेवर उभं करून पडताळलं.

पहिली धाव १.९९ आणि ४.५४. दुसरी १.९७ आणि ४.५२. तिसरी १.९८ आणि ४.५४.

दिवस ५ च्या तुलनेत १० मीटरमध्ये ०.०७, ३० मीटरमध्ये ०.१०. म्हणजे कमाईचा मोठा वाटा पहिल्या दहा मीटरमधला. १० ते ३० हा टप्पा २.५८ वरून २.५५, त्याला फारसा हात लागलेला नाही. जे ओढलं तेच सुधारलं. नॉर्डिकचे चार दिवस, हलक्या टायरचे अकरा, पाठीचे दोन आणि टाचेचे सहा असे तेवीस दिवस माझ्या चुकांनी खाल्ले. थकल्या पायांनी घालवलेले दोन आठवडे त्यात धरलेले नाहीत.

फ्रेम मी दोनदा मोजल्या. ४७३. मग फोन बहिणीकडे दिला, तिनेही मोजल्या. ४७३, भागिले २४०.

तिने वही मागितली, मागची पानं उलटली, दिवस ३ वर बोट ठेवलं.

"१.९७," ती म्हणाली. "दादा, एवढं तर तू तिसऱ्याच दिवशी पळाला होतास."